जुनं रजिस्टर कधी बंद करायचं?

सरकारी कचेरीत आवक रजिस्टर (आलेल्या टपालाची नोंदवही) बंद करायची एक ठरलेली रीत आहे. शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने दोन आडव्या रेघा मारायच्या. त्याखाली लिहायचं, 'अखेरचा क्रमांक अमुक, आज दिनांक अमुक रोजी नोंदवही बंद केली.' मग अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का, आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर तिरकी रेघ. पाच मिनिटांचं काम. नागपुरात सिव्हिल लाइन्सपासून तालुक्याच्या शेवटच्या मंडळ कार्यालयापर्यंत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती संगणक प्रणाल्या आल्या, किती प्रशिक्षणं झाली, किती फिती कापल्या गेल्या. हे पाच मिनिटांचं काम तेवढं बहुतेक ठिकाणी राहून गेलं. नोंद आधी रजिस्टरात होते. संध्याकाळी पाचनंतर वेळ उरला तर संगणकावर.

सरकारात तंत्रज्ञानाचा बदल घडवायचा म्हणजे काय, यावर बोलणारे खूप आहेत. दूरदृष्टी हवी, प्रशिक्षण हवं, मानसिकता बदलायला हवी, वगैरे. मानसिकता हा शब्द ऐकला की मी सावध होतो. ज्याला कामाचा क्रम बदलता येत नाही तो माणसाच्या मनाकडे बोट दाखवतो. कचेरीच्या प्रमुखाने स्वतःच घ्यावा असा निर्णय माझ्या मते एकच असतो: जुनं रजिस्टर कोणत्या तारखेला बंद. बाकीचं सगळं, म्हणजे खरेदी, जुळणी, शिकवणी, या तारखेपासून मागे मोजत आखता येतं. तारीख नसेल तर आखायला काही उरतच नाही.

दोन्ही चालू ठेवलं तर काय बिघडतं? 'राहू द्या न साहेब, काय बिघडून राहिलं?' हा प्रश्न नागपुरी सुरात इतक्या गोडीने विचारला जातो की समोरचा विरघळतो. हिशेब मांडून पाहावा. दिवसाला साठ टपालं, एका नोंदीला दोन मिनिटं, म्हणजे दोन तास. दोनदा नोंद म्हणजे चार तास. आवक शाखेत एकच माणूस असतो आणि त्याच्याकडे जावकही असते. मग तो जे मोडलं तर आपली मान अडकते ते आधी करतो, म्हणजे रजिस्टर. संगणकावरची नोंद तीन दिवसांनी एकगठ्ठा होते आणि तिच्यावर तीन दिवसांनंतरची तारीख पडते. वरून पाहणाऱ्याला पडद्यावर दिसतं की टपाल उशिरा येतंय. त्या आकड्यावर बैठक होते, ताशेरे निघतात. कारकुनाला कळतं की संगणक आपल्याला खोटं पाडतो. पुढच्या आठवड्यात तो आणखी उशिरा भरतो.

कारकून रजिस्टर सोडत नाही याचं कारण आळस नाही. त्याला तिघांची भीती असते: लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार आणि न्यायालय. यांतला कोणीही सात वर्षांनी येऊन 'अमुक अर्ज कधी आला ते दाखवा' म्हणू शकतो. तेव्हा सॉफ्टवेअर बनवणारा ठेकेदार गावात नसेल, जिल्हाधिकारी तीनदा बदललेले असतील, पण रजिस्टर कपाटात असेल. इतका शहाणा विचार करणाऱ्या माणसाला मानसिकतेवरचं व्याख्यान ऐकवणं हा त्याचा अपमान आहे. त्याला हवं असतं एक पानाचं कार्यालयीन आदेशपत्र.

त्या पानावर काय असावं? पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ: या क्षणानंतर आलेलं टपाल फक्त प्रणालीत नोंदलं जाईल. दुसऱ्या ओळीत जुन्या रजिस्टरचा अखेरचा क्रमांक कुठे लिहायचा आणि त्यावर कोणाची सही. तिसरीत आधार: माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम ४ इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कागदाइतकीच मान्यता देतं, कलम ५ इलेक्ट्रॉनिक सहीला, पुराव्यासाठी पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. चौथीत दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या महिन्याची नोंद-यादी काढून, डिजिटल सही करून कुठे ठेवायची आणि तिची छापील प्रत कोणत्या फाइलीत लावायची. ही चौथी ओळ सगळ्यांत मोलाची. कारकुनाला रजिस्टर नको असतं, रजिस्टराने दिलेला धीर हवा असतो, आणि तो महिन्याला बारा-पंधरा पानांच्या छापील यादीत मिळतो. शेवटी अधिकाऱ्याची पूर्ण सही, नावानिशी. तोंडी आदेशावर आजवर एकही रजिस्टर बंद झालेलं नाही.

तारीख निवडणं हा वेगळाच खेळ, आणि नागपुरात तो मुंबई-पुण्यापेक्षा अवघड आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे व्हावं असं ठरलं. १९६० नंतर बहुतेक दर हिवाळ्यात सरकार पेट्या घेऊन इथे येतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जिल्ह्यातल्या कचेऱ्यांचं लक्ष तारांकित प्रश्न, लक्षवेधी, मोर्चे, गाड्या आणि मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनातल्या खोल्या यांत असतं. त्या काळात नवी प्रणाली सुरू करणाऱ्याने सुट्टीचा अर्ज आधी लिहून ठेवावा. अधिवेशन संपलं की जानेवारी येतो, जरा श्वास. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरचा निधी खर्चायची घाई. १ एप्रिल ही तारीख कागदावर फार देखणी दिसते, नवं आर्थिक वर्ष, नवी सुरुवात. पण एप्रिल-मे हे बदल्यांचे महिने. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा धरला आणि सर्वसाधारण बदल्यांना एप्रिल-मे नेमून दिले. एप्रिलमध्ये शिकवलेला माणूस जूनमध्ये गोंदियाला असतो. त्यात मे म्हणजे पारा ४५ च्या वर, अर्धं कार्यालय कूलरसमोर. जून-जुलैत शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची रांग सेतू केंद्राच्या पायऱ्यांपर्यंत. यातच कुठेतरी निवडणूक आणि तिची आचारसंहिता.

उरतं काय? ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एक फट, आणि जानेवारीचे सुमारे पाच आठवडे. वर्षाच्या बावन्न आठवड्यांतले बारा-तेरा. ज्याला इथे काही बदलायचं आहे त्याने या फटी दिनदर्शिकेवर आधी रंगवाव्यात. माझा कल जानेवारीकडे. आवक क्रमांक नव्या वर्षाला नव्याने सुरू होतात, त्यामुळे जुनं रजिस्टर तसंही बंद होणार असतं. त्यात बंड वाटत नाही. फक्त एक काळजी घ्यायची: नव्या वर्षाचं कोरं रजिस्टर डिसेंबरातच मागवलं जातं. लेखनसामग्रीच्या मागणीपत्रातून ती ओळ खोडायला विसरलं तर १ जानेवारीला ते टेबलावर हजर असतं, लाल कापडी पाठीचं, करकरीत, आणि त्याला नाही म्हणायची कोणाचीही छाती होत नाही.

तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांत करायचं पहिलं काम संगणकाचं नाहीच. ते सहा गठ्ठ्यांचं आहे. ही पद्धत महाराष्ट्रातल्या प्रत्येक लिपिकाने प्रशिक्षणात शिकलेली असते: हातातली प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिक विवरणं, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची आणि 'ड' वर्गातली नष्ट करायची. हे गठ्ठे पाडल्याशिवाय स्कॅनिंगचा ठेका देऊ नये. ठेकेदाराला पानामागे पैसे मिळतात. त्याला 'ड' वर्गातलं दहा वर्षांपूर्वीचं रजेचं स्मरणपत्र आणि 'अ' वर्गातला कायम ठेवायचा भूसंपादनाचा निवाडा सारखाच गोड. गठ्ठे आधी पाडले की पाचवा आणि सहावा बाजूला पडतो, आणि जिवंत कागद ढिगाच्या मानाने फारच थोडा उरतो. तेवढाच आधी स्कॅन करावा. पिना काढायला एक माणूस स्वतंत्र लागतो. ही बाब अंदाजपत्रकात कोणी धरत नाही आणि नेमकं तिथेच काम अडतं: गंजलेली टाचणी, डिंकाने चिकटलेली पताका, मधोमध दुमडलेला नकाशा. स्कॅन केलेल्या दर शंभर पानांतली पाच पानं मूळ फाइलीशी लावून पाहावीत. त्यातही फाइलीचा टिपणी भाग (कचेरीतले शेरे) आणि पत्रव्यवहार भाग यांची पानं एकमेकांत मिसळली आहेत का तेच आधी बघावं. दोन्ही भागांना स्वतंत्र पृष्ठांकन असतं, स्कॅन करणारा मुलगा सरळ वरून खाली जातो, आणि टिपणीचं पान १७ पत्रव्यवहाराच्या १७ ला जाऊन बसतं.

महसूल खात्यातला सातबाऱ्याचा बदल या सगळ्याचा मोठा धडा आहे, कारण तिथे रजिस्टर खरोखर बंद करावं लागलं. हस्तलिखित सातबारे आधी टंकले गेले. मग छापील प्रत मूळ हस्तलिखिताशी ताडली गेली, चुका दुरुस्त करून पुन्हा ताडली, गावात चावडीवाचन झालं, म्हणजे खातेदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर गाव पूर्ण झाल्याची घोषणा आणि हस्तलिखिताचा वापर बंद. आज डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो म्हणून हे सोपं वाटतं. सगळ्यांत जास्त जीव काढला तो एका बेरजेने. सातबाऱ्यातल्या नमुना सातवर वर एकूण क्षेत्र असतं आणि खाली खातेदारांच्या नावांपुढे त्यांचं त्यांचं क्षेत्र. हाताने लिहिताना ही बेरीज जुळत नसली तरी पन्नास वर्षं कोणाचं अडत नव्हतं. भाऊ भाऊ वाटून घेत, एकाचा पाव गुंठा इकडे, दुसऱ्याचा तिकडे, पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) कधी धरलेलं, कधी नाही. एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करताना ४० गुंठ्यांचा एकर ०.४०४७ हेक्टर होतो. शेवटचा आकडा कोणी वर घेतला, कोणी खाली. संगणक ही तफावत सोडत नाही. त्याने ती चव्हाट्यावर आणली, आणि लोक म्हणाले संगणकाने चूक केली. चूक जुनीच होती, फक्त दिसायला लागली. लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतात, पण प्रत्येक दुरुस्तीला अर्ज, नोटीस, सुनावणी आलीच. जो कोणी जुना विदा (डेटा) नव्या घरात नेणार आहे त्याने या दुरुस्त्यांसाठी माणसं आणि महिने आधीच बाजूला काढावेत. टंकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच जुळवायला धरला तर तो नेहमीच कमी पडतो.

फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रम मात्र चांगला बांधला गेला. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची खबर प्रणालीतूनच गावाकडे जाते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. पंधरा दिवसांच्या आत प्रमाणित करता येऊ नये ही अट आता माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही. अशा ठिकाणी तंत्रज्ञान शोभून दिसतं. शासन निर्णयाच्या शेवटी छापला जाणारा संकेतांकही तसाच: त्याच्या सुरुवातीलाच वर्ष, महिना, दिवस असतो, त्यामुळे मागची तारीख टाकून निर्णय काढणं कठीण झालं. कोणाला भाषण द्यावं लागलं नाही.

विदर्भात आणखी एक गोम आहे. इकडच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांचा जमीन अभिलेख मध्य प्रांताच्या मालगुजारीतून (जमीनदारीसारख्या सारावसुलीच्या पद्धतीतून) आलेला. ती १९५१ मध्ये संपली, शब्द मात्र राहिले. लोक आजही तलाठ्याला पटवारी म्हणतात (२०२४ पासून सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी, पण ते म्हणायला वेळ लागतो). दस्तात 'मौजा अमुक, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) अमुक, खसरा क्रमांक अमुक' असं लिहिलेलं असतं. राज्यभरासाठी एकच फॉर्म बनवताना रकान्यावर नुसतं 'गट क्रमांक' छापलं, तर हिंगण्याचा किंवा उमरेडचा शेतकरी थबकतो, आणि केंद्रावरचा मुलगा अंदाजाने काहीतरी भरतो. दुरुस्ती फुकटची आहे: रकान्यावर 'गट / सर्व्हे / खसरा क्रमांक'. दोनच शब्द जास्त. पण ते घालायचे तर फॉर्म छापण्याआधी कोणीतरी एक दिवस तालुक्याच्या खिडकीपाशी बसून नुसतं ऐकायला हवं.

आता त्याहून बारीक, अगदी डोळ्याच्या पापणीएवढी गोष्ट. वऱ्हाड हा शब्द घ्या. त्यातला ऱ्ह संगणकाच्या पोटात निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, मराठीसाठी स्वतंत्र दिलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दोन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग ह. तीन, साध्या र खाली नुक्ता (टिंब) आणि पुढे हलन्त, ह. पडद्यावर तिन्ही सारखे, छापल्यावर सारखे. शोधताना तिघं तीन वेगळे. वेगवेगळे कीबोर्ड यातलं वेगवेगळं बनवतात. मग वऱ्हाडे आडनावाचा माणूस खिडकीवर येतो, आपला अर्ज क्रमांक विसरलेला असतो, बाई नाव टंकतात आणि पडदा म्हणतो, नोंद आढळली नाही. माणूस म्हणतो अर्ज गहाळ केला. बाई म्हणतात सर्व्हर डाऊन असेल, उद्या या.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये येताना याहून वाईट होतं. सुरेख, कृतीदेव, श्रीलिपी या काळातल्या फाइलींत अक्षरं म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं होती. रूपांतर करणारा प्रोग्राम चित्रावरून अक्षर ओळखतो. त्यात तो अदृश्य जोडक बहुधा घालायचा राहतो आणि वऱ्हाडेचा वर्हाडे होतो, डोक्यावर रफार घेऊन. सरकारी मराठीत तर ही पापणी ओळीओळीला येते: अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांच्या, शेतकऱ्यांस. उपाय असा. रूपांतरापूर्वी दोनशे शब्दांची एक चाचणी यादी हाताने करावी: वऱ्हाडे, कऱ्हाडे, ज्ञानेश्वर, क्षीरसागर, हृदयनाथ, ऋषी, श्रृंगारे आणि शृंगारे दोन्ही, लृ असलेला एखादा, अवग्रह असलेला एखादा, शिवाय देवनागरी ७ आणि इंग्रजी ७, कारण संगणकाला हेही दोन वेगळे आकडे वाटतात. रूपांतर करून झालं की ती यादी नुसती डोळ्यांनी वाचू नये, प्रत्येक शब्द कीबोर्डवर टंकून शोधून पाहावा. कचेरीच्या संगणकावरून एकदा, फोनवरून एकदा. आणि प्रणालीत नोंद साठवताना तिन्ही रूपांचं एकच रूप करून घ्यायला ठेकेदाराला करारातच लिहून द्यावं. नंतर सांगितलं तर तो 'बदलाची विनंती' म्हणून वेगळं बिल लावतो, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

राजकीय दबावाखाली घडवलेला बदल कसा असतो ते पाहायला कर्जमाफीच्या दोन योजना शेजारी ठेवाव्यात. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. म्हणजे ज्याच्याकडे माहिती सगळ्यांत कमी, त्याच्याकडून सगळ्यांत जास्त माहिती मागितली. मग ते अर्ज बँकांच्या खात्यांशी जुळवायचे. अर्जात नाव मराठीत, बँकेत इंग्रजीत; कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी; खात्याला आधार जोडलेलं नाही. पहिल्या याद्यांत इतके घोळ निघाले की त्या परत तपासाव्या लागल्या. अडीच वर्षांनी, २१ डिसेंबर २०१९ रोजी, इथेच नागपूरच्या अधिवेशनात दुसरी योजना जाहीर झाली: १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मध्ये घेतलेलं, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेलं, दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज. या वेळी अर्जच नव्हता. बँकांनी कर्जखात्यांची माहिती आधारसह द्यायची, त्यावरून यादी गावात लागायची, शेतकऱ्याने आधार घेऊन केंद्रावर जायचं, पडद्यावरची रक्कम पाहायची, मान्य असेल तर अंगठा, नसेल तर तक्रार. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी निघाली ती ६८ गावांचीच, बहुतेक जिल्ह्यांतली दोन-दोन.

तंत्रज्ञान तेच होतं. पोर्टल, आधार, बँक, केंद्र सगळं तेच. बदललं ते ओझं: कोणी लिहायचं आणि कोणी फक्त तपासायचं. आणि ती ६८ गावं! घाईच्या, राजकीय दबावाच्या काळात आधी इतकं थोडं करायचं धाडस दुर्मीळ असतं. दोन गावांत जे मोडतं ते दोन गावांतच दुरुस्त होतं. पुढे महिनाभरात टाळेबंदी आली आणि बोटाच्या ठशाने ओळख पटवणंच थांबवावं लागलं. हे कोणाच्याही आराखड्यात नव्हतं. एकाच अवयवावर सगळी प्रणाली उभी केली की असं होतं. ठसा, ओटीपी आणि अधिकाऱ्याने समक्ष पाहून केलेली खातरजमा असे तीन रस्ते पहिल्या दिवसापासून ठेवावेत, तिसरा कितीही जुनाट वाटला तरी.

बदल्यांबद्दल थोडं आणखी, कारण प्रणाली सगळ्यांत जास्त मरतात त्या कार्यभार देण्या-घेण्याच्या दिवशी. कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर रोकड, शिक्के, किल्ल्या, गाडी, डेडस्टॉक (टिकाऊ सामान) सगळं असतं. प्रणालीचं काही नसतं. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखी वस्तू) त्या अधिकाऱ्याच्या नावाचा असतो, पदाचा नाही. तो त्याच्यासोबत जातो आणि नव्या साहेबांचा येईपर्यंत दाखले सहीवाचून पडून राहतात. नवा टोकन आला तरी प्रणालीत जुनं नाव काढून नवं जोडणं हे वेगळं काम आहे आणि ते जिल्ह्यातून व्हावं लागतं. याहून चोरटी गोष्ट ओटीपीची. प्रशासकीय खात्याचा ओटीपी पुष्कळदा कंत्राटी संगणकचालकाच्या खासगी मोबाइलवर येत असतो, कारण पहिल्या दिवशी घाईत त्याचाच नंबर टाकलेला. त्याचं कंत्राट अकरा महिन्यांचं. बाराव्या महिन्यात तो दुसरीकडे लागतो, आणि कचेरी दर सकाळी त्याला फोन करून आकडे विचारते. भला माणूस असेल तर सांगतो.

म्हणून कचेरीच्या नावाचं एक सिमकार्ड घ्यावं, साध्या बटणांच्या फोनात घालावं, तो फोन डेडस्टॉक रजिस्टरात चढवावा आणि आवक शाखेच्या कुलूपबंद खणात ठेवावा. कार्यभाराच्या कागदाला अर्ध्या पानाची पुरवणी जोडावी: कोणत्या प्रणालीत कोणाला काय अधिकार आहेत, टोकनची मुदत कधी संपते, देखभालीचा करार कधी संपतो, संकेतस्थळाचं नाव कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंत, ठेकेदाराचा कोणता हप्ता बाकी, आणि शेवटचा बॅकअप कधी उघडून पाहिला. घेतला कधी, ते नको. उघडून पाहिला कधी, ते हवं.

पाणी आणि ऊन यांचंही बघावं लागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. शहरातल्या असंख्य तळमजल्यांवर यूपीएस जमिनीवरच ठेवलेले असतात, कारण ते जड असतात. लोखंडी मांडणी करून तीन फुटांवर चढवावेत, तेवढाच खर्च. उन्हाळ्याचं नुकसान मात्र हळू होतं. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. मेच्या दुपारी बंद खोलीत ती पाच वर्षांची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते; म्हणून नागपुरात बॅटरी बदलण्याचा करार दोन वर्षांचा धरावा आणि एप्रिलच्या सुरुवातीला भारावर वीस मिनिटं चालवून पाहावी. कूलरचा झोत मात्र मशीनच्या रॅकवर सोडू नये. वाळ्याचा वास छान येतो, पण ओली हवा आणि धूळ मिळून सर्किटवर जो थर बसतो तो पुसून निघत नाही.

पुरानंतरच्या पंचनाम्याला नवं ॲप काढायचा मोह आवरावा. त्या आठवड्यात पाय चिखलात असतात, फोन भिजलेले, लोक चिडलेले. जो छापील नमुना तोंडपाठ आहे तोच घ्यावा, त्यात फक्त दोन गोष्टी वाढवाव्यात: घराचा एक फोटो आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा एक फोटो. खातेक्रमांक हाताने उतरवताना एक आकडा हमखास चुकतो. फोटो असला की दुसरा माणूस संध्याकाळी पडताळू शकतो. पासबुकावर बँकेचं नाव जुनं असेल, अलाहाबाद, सिंडिकेट, आंध्रा, तर १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणानंतरचा नवा आयएफएससी (शाखेचा संकेतांक) शोधून घालावा. नाहीतर मदत निघते आणि परत येते, आणि परत आली हे कळायला महिना जातो.

वीज आणि जोडणी कधीही जाऊ शकते, म्हणून रजिस्टर बंद केलं तरी एक पातळ वही ठेवावीच लागते. तिला खंडवही म्हणा. पन्नास पानं, प्रत्येकाला छापील क्रमांक आणि आधीच मारलेला शिक्का, लखोट्यात मोहोरबंद. वीज किंवा जोडणी सलग दोन तास गेली तर तहसीलदाराने वेळ टाकून, सही करून ती उघडायची. तिच्यातल्या क्रमांकांना 'खं' हे वेगळं अक्षर. जोडणी आल्यापासून तीन कार्यदिवसांत त्या नोंदी मूळ वेळेसह प्रणालीत जातात, वहीत त्यांच्यासमोर प्रणालीचा क्रमांक येतो, आणि लखोटा पुन्हा मोहोरबंद होतो. किती वेळा उघडली हे मोहोरांवरूनच कळतं. महिन्यात चारदा उघडली असेल तर तक्रार कारकुनाची नाही, जोडणीची आहे आणि ती वर लेखी कळवायची.

बंद करायचा दिवस शुक्रवार घ्यावा. पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवार-रविवार जुळवाजुळवीला मिळतात. दुपारी चारला टपाल घेणं थांबवायचं, अखेरचा क्रमांक सगळ्यांसमोर वाचायचा, प्रणालीतला पहिला क्रमांक त्याच्या पुढचा (नवं वर्ष असेल तर १) आहे का पाहायचं, मग त्या दोन लाल रेघा. रजिस्टर त्याच संध्याकाळी यादीसह अभिलेख कक्षात, किल्ली नाझरकडे (कचेरीची रोकड आणि सामान सांभाळणाऱ्याकडे). हाताशी कपाटात ठेवलं तर सोमवारी पहिल्यांदा पडदा गोल गोल फिरू लागला की ते बाहेर येणार. आणि टेबलावर जिथे ते वर्षानुवर्षं उघडं असायचं त्या जागी शुक्रवारीच स्कॅनर ठेवून, त्याची वायर भिंतीला ठोकून घ्यावी. जागा मोकळी राहिली तर सोमवारी दुपारपर्यंत तिथे कोणीतरी दोनशे पानी वही आणून ठेवतं, तात्पुरती म्हणून.